नव्या सायकलला कॅरियर का बसत नाही? इंच, आटे आणि एका टायरची गोष्ट

(या भागाचं हे लिखित रूप. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून ते इथे नीट लिहिले आहेत.)



आज एक कोडं घालतो. दोन रिमा आहेत. एक २८ इंची सायकलची, म्हणजे दूधवाले, पेपरवाले चालवायचे त्या काळ्या उंच सायकलची. दुसरी २९ इंची, आजच्या फॅशनच्या माउंटन बाइकची. मोठी कुठली?

उत्तर आहे, २८ इंची. टायर जिथे रिमवर टेकतो तिथला व्यास जुन्या सायकलचा ६३५ मिलिमीटर आणि २९ इंचीचा ६२२. म्हणजे २९ ही २८ पेक्षा १३ मिलिमीटरनं लहान आहे.

हा विषय घ्यायचं कारण म्हणजे गेल्या काही महिन्यांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलेला एकच प्रश्न. "दहा-बारा हजारांची साधी कम्फर्ट सायकल घेतली. रुंद सीट, उंच हँडल, बसायला मस्त. पण कॅरियर बसत नाही. पुढची बास्केट हलते. ऑनलाइन 'सगळ्या सायकलींना बसेल' असं लिहिलेलं मागवलं आणि परत केलं." यावर लोक शेवटी म्हणतात, सायकल स्वस्तातली आहे, चालायचंच.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. स्वस्त सायकलचा सांगाडा बहुतेक वेळा अतिशय जुन्या, पक्क्या मापांचा असतो. अडचण वेगळीच आहे आणि तिला इतिहास आहे.

आकडा टायरचा, रिमचा नव्हे

आधी कोडं सोडवू. सायकलच्या टायरवरचा मोठा आकडा सुरुवातीला टायरचा बाहेरून बाहेर व्यास असायचा. रिमचा नाही. '२८ × १ १/२', आपल्या भाषेत अठ्ठावीस दीड, म्हणजे बाहेरून २८ इंच आणि जाडी दीड इंच. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. रिम ६३५, वर ३८, खाली ३८, बेरीज ७११. बरोबर २८ इंच.

२९ इंचीचं गणितही असंच आहे. रिम ६२२, पण टायर जाड, साधारण ५७ मिलिमीटरचा. बेरीज ७३६, म्हणजे २९ इंच. टायर फुगला तसं नाव वाढलं, रिम आहे तिथेच राहिली.

आता सव्वीस इंचीची गंमत बघा. बाहेरचा व्यास २६ इंच ठेवायचा असेल तर टायर जितका जाड, तितकी रिम लहान हवी. त्यामुळे '२६ × १ ३/८' ला इंग्लंडमध्ये आणि भारतात ५९० मिलिमीटरची रिम लागते. '२६ × १ १/२' ला ५८४. '२६ × १ ३/४' ला ५७१. आणि आज माउंटन किंवा कम्फर्ट सायकलवर दिसतो तो '२६ × १.७५', त्याला ५५९.

शेवटचे दोन पुन्हा वाचा. एक पावणेदोन अपूर्णांकात लिहिलंय, दुसरं पावणेदोन दशांशात. गणिताच्या सरांना दोन्ही सारखेच. रिमच्या हिशेबात मात्र १२ मिलिमीटरचा फरक, एकाचा टायर दुसऱ्याला चढणार नाही.

अजून एक. अमेरिकेतल्या श्विन कंपनीचा '२६ × १ ३/८' हा ५९७ चा होता, इंग्लंडचा ५९०. लेबल अक्षर न् अक्षर तेच. ७ मिलिमीटर सैल टायर रिमवर चढेल, हवा भराल आणि थोड्या वेळात तो रिमवरून उडेल. चालत्या सायकलवर हे झालं तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून पुढे एक समजूतदार पद्धत आली. आज बहुतेक टायरच्या कडेला बारीक अक्षरांत '४७-५५९' किंवा '४०-६३५' असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा जाडी, दुसरा रिमवर टेकण्याचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. टायर-ट्यूब घेताना इंच विसरा, हे दोन आकडे दाखवा.

आट्यांची लढाई

आता थोडं मागे जाऊ. बोल्टवर जी वळणं असतात त्यांना आपण आटे म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे होते. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर जाईल याची खात्री नसायची. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअरनं लंडनमध्ये एक निबंध मांडला. त्यात सगळ्यांनी एकाच पद्धतीचे आटे वापरावेत असा प्रस्ताव होता. एवढी साधी गोष्ट कुणीतरी ठासून सांगावी लागली.

सायकल या वातावरणात वाढली. १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्लीनं 'रोव्हर' आणली. दोन जवळपास सारखी चाकं, मागच्या चाकाला चेन. आजची सायकल ती हीच. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलपनं हवेचा टायर केला. त्याआधी १८८० मध्ये हान्स रेनॉल्ड यांनी मँचेस्टरमध्ये रोलर चेनचं पेटंट घेतलं होतं. आजही सायकलच्या चेनचे दोन सांधे एकमेकांपासून अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतात. तुमच्या आजोबांच्या सायकलचे आणि लाखभर रुपयांच्या सायकलचेही.

आता बर्मिंगहॅम. तिथे बीएसए नावाची कंपनी होती. पूर्ण नावाचा अर्थ बर्मिंगहॅमची छोटी शस्त्रं, कारण मूळ धंदा बंदुकांचा. तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्यात असं त्यांचं चिन्ह होतं. बंदूक बनवणाऱ्याला अचूक आटे पाडता येतात. ही कंपनी सायकली बनवायचीच, पण सायकलचे सुटे भाग दुसऱ्या कारखानदारांनाही विकायची. छोट्या कारागिरांनी ते भाग घेतले की आपली चौकट बीएसएच्या मापाला धरूनच करावी लागायची. कुणी कायदा केला नाही. भाग मिळतात, म्हणून माप टिकलं.

नॉटिंगहॅमच्या रॅलेनं दुसरा रस्ता धरला. त्यांनी आपल्या बऱ्याच सायकलींना इंचाला २६ आटे ठेवले, तर बाकीच्यांचं माप होतं २४. रॅलेची सायकल उत्तम, पण पेडलच्या धुरीचे कप बदलायचे तर रॅलेचेच हवेत. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, ही युक्ती मला रोज दिसते. आमच्याकडे तिला चार्जर म्हणतात, फाइल फॉरमॅट म्हणतात.

जिंकलं काय? पेडलच्या धुरीसाठी १.३७ इंच व्यास आणि इंचाला २४ आटे हे बीएसएचं माप. तुमच्या सहा-सात गिअरच्या साध्या सायकलचं मागचं फ्रीव्हील ज्या आट्यांवर फिरवून बसवतात, तेही बहुतेक वेळा हेच १.३७ इंच आणि २४ आटे. रॅलेचे २६ आटे आज जुन्या सायकली सांभाळणाऱ्यांची डोकेदुखी म्हणून उरलेत.

इंच भारतात राहिला

भारतात आधी सायकली इंग्लंडहून यायच्या. मग इथेच कारखाने निघाले. मुंबईत हिंद सायकल होती. १९४९ मध्ये मद्रासजवळ टीआय सायकल्स स्थापन झाली आणि बर्मिंगहॅमची हर्क्युलिस, बीएसए ही नावं अंबत्तूरला आली. आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानात हिरो. १९८६ मध्ये जगातली सर्वांत जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून हिरोचं नाव गिनीज बुकात गेलं.

त्याच १९५६ मध्ये भारतानं मेट्रिक मापांचा कायदा केला. पुढच्या वर्षी नवे पैसे आले, मग शेर-मण गेले, किलो आले. सायकलचा इंच मात्र कुणी हलवू शकलं नाही. का? कारण लुधियानात सायकल एका छताखाली तयार होतच नव्हती. एक कारखाना पेडल करतो, दुसरा मडगार्ड, तिसरा फक्त कॉटर पिना. सगळ्यांचं माप एक असेल तरच सायकल उभी राहणार. एकट्यानं माप बदलणारा उपाशी मरणार.

याचा फायदा झाला तो वापरणाऱ्याला. सायकल कुठल्याही कंपनीची असो, गावातल्या सायकलवाल्याकडे तिचे छर्रे, कोन, ॲक्सल, पेडल मिळायचं. शिवाय ती सायकल सामानासकट यायची. मडगार्ड, चेनकव्हर, घंटी, मागचं चाक उचलून धरणारा डबल स्टँड, कुलूप. कॅरियर तर हवंच. त्याच्या पट्ट्यांची भोकं मागच्या चाकाच्या ॲक्सलमध्ये अडकवायची, नट आवळायचा, वरचं टोक सीटखाली, झालं काम. रात्रीसाठी टायरला घासणारा डायनॅमो. पुण्यातली जुनी मंडळी अजून सांगतात, दिवा नसला की पोलीस अडवायचे आणि डबलसीट दिसली तरी.

त्या काळी 'ॲक्सेसरी' हा वेगळा विषयच नव्हता. कॅरियर हा सायकलचाच अवयव होता, कारण सायकल हे कामाचं वाहन होतं. मुंबईचे डबेवाले डबे कशावर नेतात ते आठवा.

शिकागो, मग कॅलिफोर्निया

मग आपल्या कम्फर्ट सायकलचा अवयव कुठे गेला? त्यासाठी अमेरिकेत जावं लागेल.

१९३३ मध्ये, मंदीच्या काळात, शिकागोच्या श्विन कंपनीनं मुलांच्या सायकलींसाठी फुगीर टायर आणला, २६ × २.१२५. जाड टायर, म्हणून रिम लहान, ५५९ मिलिमीटर. खड्ड्यात दणका कमी बसायचा आणि मुलांनी कशीही आदळली तरी रिम वाचायची.

चाळीस वर्षांनी, १९७०च्या दशकात, कॅलिफोर्नियाच्या मॅरिन भागातल्या काही तरुणांनी श्विनच्या त्या जुन्या सायकली डोंगरावरून खाली पळवायला सुरुवात केली. १९७६ मध्ये त्यांच्या शर्यती सुरू झाल्या. त्यांनी पहिलं काम काय केलं असेल? मडगार्ड काढलं, कॅरियर काढलं, स्टँड काढला. उतारावर खडखडणारं सगळं काढलं. ब्रेकसाठी काहींनी मोटारसायकलचे लीव्हर लावले आणि ते छान बसले. कारण सायकल आणि मोटारसायकल, दोन्हींच्या हँडलची मूठ पाऊण इंचाहून थोडी जाड, ७/८ इंच, म्हणजे २२.२ मिलिमीटर. भाऊबंदकी जुनी आहे.

१९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर आली आणि माउंटन बाइक कारखान्यात मोठ्या संख्येनं तयार व्हायला लागली. १९९०च्या दशकात अमेरिकी कंपन्यांच्या लक्षात आलं की हिच्यावर बसणारे बरेच जण डोंगरावर जातच नाहीत. त्यांची पाठ दुखते, त्यांना सरळ बसायचंय. मग हँडल उंच केलं, सीट रुंद केलं, सीटखाली स्प्रिंग दिली, पुढे शॉकअप ठेवला. ही झाली कम्फर्ट बाइक.

म्हणजे बसण्याची ढब आजोबांच्या सायकलची, पण सांगाडा डोंगरावरच्या शर्यतीचा, सगळं उतरवलेला. मंडळी, तुमच्या कॅरियरचा प्रश्न इथे तयार झाला. जर्मनीत सायकलला दिवे कायद्यानंच लागतात, त्यामुळे तिथे शहरी सायकल बहुधा सजून विकली जाते. आपल्याकडे ही उघडी सायकल आली ती उघडीच विकली गेली आणि बाकी जोडाजोड ग्राहकाच्या गळ्यात पडली.

मग काय बसतं, काय नाही?

पेठेतल्या एका जुन्या दुकानात काकांसोबत बसून मी माझी साधी सात गिअरची सायकल कॅलिपरनं मोजली. काका एकच वाक्य सारखं म्हणत होते, "नाव सांगू नका, माप सांगा." तेच धरून एकेक सांगतो.

हँडल. मुठीजवळ २२.२ मिलिमीटर, मधोमध २५.४ किंवा ३१.८. घंटी, आरसा मुठीजवळच्या भागाचा. मोबाइल होल्डर मोटारसायकलचा असला तरी चालतो, कारण वर सांगितलं तेच, माप एक आहे. मधोमध लावायचं असेल तर मात्र पट्टा तेवढा उघडतो का ते बघा.

सीटची दांडी. इथे स्वस्त सायकलची खास गोष्ट आहे. स्टीलच्या चौकटीत सीटखालच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुतेकदा सव्वा इंचाच्या आतला, ठरलेला, २८.६ मिलिमीटर. महाग चौकटीचा पत्रा पातळ, म्हणून आत २७.२ ची दांडी जाते. स्वस्त चौकटीचा पत्रा जाड, म्हणून दांडी बारीक, अनेकदा २५.४. स्प्रिंगवाली दांडी मागवण्याआधी जुनी दांडी उपसून बघा, खालच्या भागात माप कोरलेलं असतं. बारीक दांडी जाड नळीत पत्र्याची बाही घालून बसवता येते, उलटं करता येत नाही.

पंप. तीन प्रकारचे व्हॉल्व्ह आहेत. जुन्या भारतीय सायकलचा डनलप, मोटारसायकल-कारचा श्रेडर आणि फ्रेंच वळणाचा बारीक प्रेस्टा. साध्या कम्फर्ट सायकलवर बहुधा श्रेडर असतो, म्हणजे स्कूटरचा पंप चालतो.

बास्केट. जुन्या बास्केटचे पाय खाली ॲक्सलला आणि वरची बाजू हँडलला पकडलेली असायची. पुढे शॉकअप असेल तर खड्ड्यात चाक वर येतं, हँडल तिथेच राहतं आणि मधले पाय वाकतात. म्हणून ती हलते, वाजते, शेवटी तुटते. शॉकअपवाल्या सायकलला फक्त हँडलला अडकणारीच बास्केट घ्या.

आणि कॅरियर. मागच्या ॲक्सलच्या जरा वर, चौकटीला बारीक आटे पाडलेलं एक भोक आहे का बघा. ५ मिलिमीटरचा बोल्ट जातो ते. सीटखालच्या दोन नळ्यांवरही वर तशीच भोकं आहेत का? असतील तर चिंता मिटली. नसतील तर रबर लावलेल्या गोल पट्ट्या मिळतात, त्या नळीला आवळून त्यात बोल्ट घालायचा. मागे डिस्क ब्रेक असेल तर त्याचा कॅलिपर नेमका कॅरियरच्या पायाच्या वाटेत येतो. मग बाहेरून वळण घेतलेल्या पायांचं कॅरियर किंवा लांब बोल्ट आणि मध्ये बुश. नुसत्या सीटच्या दांडीला लटकणारं कॅरियर सगळ्यांना बसतं हे खरं, पण ते साधारण दहा किलोसाठी असतं. चौकटीला चार ठिकाणी पकडलेलं चांगलं कॅरियर पंचवीस किलो पेलतं. वजनाचा आकडा कॅरियरवर छापलेला असतो, तो वाचा. लहान मुलाला लटकत्या कॅरियरवर कधीही बसवू नका.

गंमत महाग सायकलींची

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत महाग सायकलींमध्ये पेडलच्या धुरीची, मागच्या ॲक्सलची, हँडलच्या नळीची नवनवीन मापं आली. काही कंपन्यांनी आटेच काढून टाकले आणि कप दाबून बसवायला लागले. ते कुरकुरायला लागले तशा काही कंपन्या गुपचूप परत त्या बीएसएच्या आट्यांवर आल्या. साध्या सायकलवाल्यांनी ते आटे सोडलेच नव्हते, कारण बदल परवडत नव्हता.

म्हणून तुमची दहा हजारांची सायकल कमी प्रतीची म्हणून तिला काही बसत नाही, हे मनातून काढा. तिच्या पेडलमध्ये, चेनमध्ये, फ्रीव्हीलमध्ये शंभर-सव्वाशे वर्षं टिकलेली मापं आहेत. नाही ती फक्त कॅरियर-मडगार्डची भोकं आणि ती घालायला कारखान्याला फार खर्च येत नाही. सायकल घेताना दुकानात हेच विचारा, "भोकं आहेत का?" गिअर किती, हे नंतर.

मला हे एवढं महत्त्वाचं का वाटतं? कॅरियर नसलेल्या सायकलवर आपण रविवारी फिरायला जातो. कॅरियर, मडगार्ड, दिवा असलेल्या सायकलवर आपण भाजी आणतो, क्लासला जातो, पावसात घरी येतो. पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे ते त्या दुसऱ्या सायकलमुळे. आज कितीतरी चांगल्या सायकली बाल्कनीत धूळ खात आहेत आणि त्यातल्या काही केवळ दोन भोकांअभावी.

तर मंडळी, या आठवड्याचं काम. घरात जी सायकल असेल तिच्या टायरच्या कडेचे ते दोन आकडे वाचा आणि मला पाठवा. कुणाकडे ५७१ किंवा ५९७ निघाला तर फोटोही पाठवा, ती सायकल अमेरिकेची पाहुणी असू शकते.

भेटू पुढच्या भागात. तोवर हवा भरून ठेवा!